नैसर्गिक आपत्ती आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



समितीच्या पोरांनी मला विचारलं, "दादा, यंदा कशावर बोलणार?" दरवर्षी मी कामगार चळवळीवर बोलतो, कधी शिक्षणावर बोलतो. यंदा म्हणालो, पावसावर बोलतो. पोरं हसली. त्यांना वाटलं दादा आता कविता करायला लागले. पण मित्रांनो, हा हसण्याचा विषय नाही. पाऊस जास्त झाला तरी पहिली भिंत आपली पडते, आणि पाऊस पडला नाही तरी पहिला हंडा आपलाच रिकामा होतो. असं का होतं आणि त्यावर आपल्याला काय करता येईल, एवढंच मला आज मांडायचं आहे.

मी काही हवामान खात्यातला शास्त्रज्ञ नाही. साखर कारखान्यात मिल विभागात काम करणारा कामगार आहे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांनी केलं आणि मोर्च्यांनी केलं. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

आधी दुष्काळाचं बोलतो, कारण आपला अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, तो ओळखला जातो दुष्काळानं. तसा हा जिल्हा अजब आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस धो-धो कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर टँकरची वाट बघतात. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. माझी आई खडी फोडायच्या कामावर जायची. बाभळीला साडीची झोळी बांधून त्यात मला टाकायची. ती सांगायची, वरून सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो मिळायचा. तो कोणाला पचायचा, कोणाला पचायचा नाही, पण पोरं जगली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. आज ज्या तलावावर आपली पोरं पोहायला जातात तसले कितीतरी तलाव आपल्या आई-बापांच्या घमेल्यांनी उभे राहिले आहेत.

त्या दुष्काळातून महाराष्ट्रानं एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. म्हणजे काम मागणं ही भीक राहिली नाही, तो हक्क झाला. आणि त्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ साली राज्यात व्यवसाय कर आला तो याच योजनेसाठी. माझ्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात. नवीन कामगार कुरकुर करतात. मी त्यांना सांगतो, बाबा, माझ्या आईनं फोडलेल्या खडीचा हा हिशेब आहे, कुरकुरू नको. पुढं २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची वाट महाराष्ट्रानं दाखवली होती.

यातून मी काय शिकलो? दुष्काळ आला तो आभाळातून. पण माणसं वाचली ती माणसांनी केलेल्या व्यवस्थेनं. तेव्हा व्यवस्था दुष्काळ पडल्यावर धावाधाव करून उभी करावी लागली. कायदा झाल्यावर ती आधीपासून तयार राहिली. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार बघा. १९७२ नंतर ते गाव उजाड होत गेलं, माणसं मजुरीला बाहेर पडली. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं पाणी अडवलं आणि नंतर दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, त्यात कोणतं पीक बसतं. पाणी कमी तर पीक कमी. शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही, असं गावानं ठरवलं. मी उसावर पोट भरणारा माणूस, तरी मला हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्यांचा पाऊस आपल्यापेक्षा जास्त नाही. त्यांची वही आपल्यापेक्षा चांगली आहे.

ही वही तुम्ही ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता पुराचं. आपल्याला वाटायचं पूर म्हणजे कोल्हापूर-सांगलीचा, आपला काय संबंध? पण हवा बदलली आहे. महिन्याचा पाऊस एका रात्रीत पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या कायमच्या दुष्काळी तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सीना नदीला असा पूर आला की खाली सोलापूर जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. ज्या सीनेत उन्हाळ्यात आपण क्रिकेट खेळतो तीच ही सीना.

आणि पाणी पहिलं कुठं शिरतं? ओढ्याकाठी. आणि ओढ्याकाठी कोण राहतं? मी कोणाला दोष द्यायला उभा नाही, पण इतिहास विसरून चालणार नाही. जुन्या काळी आपल्या वाडवडिलांना जागा मिळाली ती गावाच्या बाहेर, खालच्या अंगाला. तीच वस्ती वाढत गेली. डोंगराकडं गेलात तर तिथं आदिवासी बांधव उताराला राहतात. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गेली. पाऊस जात बघत नाही असं आपण म्हणतो. ते खरं आहे. पण पावसाच्या आधी कोणाला कुठं जागा मिळाली, तिथं जात बघितली गेली होती.

आता मी तुम्हाला माझी एक चूक सांगतो. वर्धापनदिनाच्या दिवशी आपली चूक कोणी सांगत नाही, सगळे कार्य सांगतात. पण ही सांगितल्याशिवाय माझं भाषण पुरं होणार नाही.

ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. महिन्याच्या मध्याला मुसळधार पाऊस झाला आणि ओढ्याचं पाणी वस्तीत शिरलं, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. कोरोनाचा काळ होता. आपल्या वस्तीतलं एक कुटुंब आदल्याच आठवड्यात कोयत्याला गेलं होतं. नवरा, बायको, धाकटं पोरगं. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे थांबायची सोय नाही. मोठी मुलगी आठवीत, तिला आजीकडं दुसऱ्या गावी ठेवलेली. घराला कुलूप.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. वस्तीतला कार्यकर्ता म्हणून मी तलाठी भाऊसाहेबांबरोबर घरोघर फिरलो. त्या कुलपापाशी आलो. भाऊसाहेबांनी विचारलं, "इथं कोण राहतं?" मी म्हणालो, "कोयत्याला गेलेत भाऊसाहेब. आल्यावर बघू." दर्शनी भिंत उभी होती. मागची, ओढ्याच्या अंगाची भिंत पार बसली होती, छप्पर आत वाकलं होतं. मी मागं जाऊन बघितलं नाही. पाच पावलं होती. मी ती चाललो नाही.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि ते कुटुंब परत आलं. भांडी गाळात, धान्याची कोठी कुजलेली. तो माझ्याकडं आला, म्हणाला, "दादा, आमचं नाव दिलं होतं ना?" मी काय सांगू? अर्ज केला, हेलपाटे घातले. उत्तर एकच, पंचनाम्यात नोंद नाही, मुदत संपली. त्यात पुन्हा लॉकडाऊन. घर बांधायला त्यानं पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली. उचल फेडायला हात कमी पडले, म्हणून मोठ्या मुलीला शाळेतून काढून बरोबर नेलं. आज तिचं लग्न झालं आहे. ती आणि तिचा नवरा मिळून आता एक कोयता आहेत.

मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. त्याला वस्तीतलं कोण कुठं गेलंय हे कसं ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी रस्त्यावर घोषणा दिल्या, निवेदनं दिली, पण माझ्याकडं माझ्याच वस्तीची यादी नव्हती.

म्हणून मदतीचा हिशेब सगळ्यांनी समजून घ्या. पिकाची नुकसानभरपाई सात-बारा ज्याच्या नावावर त्याला मिळते. बटाईनं करणारा, मजूर, ऊसतोड कामगार यांच्या बुडालेल्या मजुरीचा कोणी पंचनामा करत नाही. मग भूमिहीनाच्या वाट्याला काय राहतं? घर, शेळ्या, कपडे-भांडी आणि माणूस गेला तर सानुग्रह मदत. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्रानं ठरवलेले दर असे होते. माणूस दगावला तर वारसाला ४ लाख रुपये. सपाटीवरचं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. अंशतः पडलं तर कच्च्या घराला ४ हजार, पक्क्याला साडेसहा हजार. झोपडी गेली तर ८ हजार. दुभती गाय-म्हैस ३७ हजार ५००, शेळी-मेंढी ४ हजार. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांना अडीच हजार आणि भांड्यांना अडीच हजार. दर बदलत असतात, तहसीलमध्ये विचारून घ्या. पण एक गोष्ट बघा. पंचनाम्यावर 'पूर्ण' लिहिलं की 'अंशतः' लिहिलं, या एका शब्दात लाखाच्या वर फरक पडतो. तो शब्द लिहिला जात असताना घरधनी तिथं उभा पाहिजे. तो नसेल तर त्याच्या वतीनं कोणीतरी उभं पाहिजे.

आमच्या कारखान्यात गळीत हंगाम सुरू असताना मिलचा रोलर कोणी उतरवत नाही. एकदा मिल बंद पडली की गव्हाणीसमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. म्हणून आम्ही ऑफ सीझनला सगळं उघडतो, बेअरिंग तपासतो, झिजलेलं बदलतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कामगार बसून आहेत. पण हंगाम कसा जाणार हे त्या चार-पाच महिन्यांत ठरतं. वस्तीचंही तसंच आहे. मृग लागायच्या आत जे करू तेच कामाला येईल.

तयारीनं फरक पडतो का? ओडिशा बघा. १९९९ च्या चक्रीवादळात तिथं सुमारे १० हजार माणसं गेली. त्यांनी धडा घेतला. निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. २०१३ ला पायलिन नावाचं मोठं वादळ आलं तेव्हा १० लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले, आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. बांगलादेशात १९७० च्या वादळात किमान तीन लाख माणसं गेली होती. तिथंही पुढं गावातलेच स्वयंसेवक भोंगा घेऊन, झेंडे लावून घरोघर इशारा द्यायला लागले. दोन्हीकडं वादळं येतातच. पण खबर वेळेत जाते आणि माणसं वेळेत हलतात. आणि तयारी नसली की काय होतं तेही बघा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली, डझनाहून जास्त माणसं बुडाली. पाणी उंबऱ्याला लागल्यावर सगळे एकदम बोटीकडं धावतात, तेव्हा कोण कोणाला थांबवणार?

तर आपण काय करायचं? मी पाच कामं मांडतो.

पहिलं काम वही. २०२१ पासून मी आणि महिला मंडळाच्या दोन ताईंनी ही वही ठेवली आहे. घरवार नोंद. म्हातारं कोण, अपंग कोण, गरोदर कोण, रोजच्या गोळ्या कोणाला लागतात, शेळ्या किती, घर मातीचं की विटांचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोयत्याला, वीटभट्टीला किंवा पुण्या-मुंबईला कोण गेलंय, त्याचा फोन कोणता, त्याच्या वतीनं पंचनाम्याला कोण उभं राहणार. ही वही वर्षातून दोनदा नवी करायची, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला.

दुसरं काम कागद. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात उंचावर ठेवायचं, आणि एकेक झेरॉक्स विहाराच्या ट्रंकेत ठेवायची. ज्यांचं घर गायरानात आहे त्यांनी तर घरपट्टीची पावती जिवापाड जपावी. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा, कारण मदत थेट खात्यात येते आणि केवायसी अडली की पैसे अडतात. पावसाळ्याआधी प्रत्येक घराचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. चारी बाजूंनी म्हणतोय, कारण मी एकाच बाजूनं बघितलं होतं.

तिसरं काम इशारा. हवामान खातं पिवळा, नारंगी, लाल असे इशारे देतं. पुण्याच्या संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप वीज कुठं पडण्याची शक्यता आहे ते सांगतं. पोरांच्या मोबाईलमध्ये सगळी गाणी आहेत, हे एक असू द्या. लाल इशारा आला की विहाराच्या भोंग्यावरून सांगायचं. कोण सांगणार ते नावानिशी ठरवायचं, दोघं, एक नसला तर दुसरा. ओढ्याच्या फरशीवर लाल रंगाची खूण करायची. पाणी खुणेला लागलं की हलायचं, चर्चा नाही. आणि फरशीवरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालायची नाही. गुडघाभर वाहतं पाणी गाडी ओढून नेतं. विजा चमकत असताना शेळ्या घेऊन बाभळीखाली थांबायचं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तीन आकडे विहाराच्या भिंतीवर रंगवून घेऊ.

चौथं काम जागा. शाळा उंचावर आहे. पण रात्री दोन वाजता शाळेची किल्ली कोणाकडं? हे आत्ताच गुरुजींना विचारून ठरवू. म्हाताऱ्या माणसांना आधी कोण उचलणार, बायाबापड्यांच्या संडासाची सोय काय, हेही ठरवू. दोर, टॉर्च, ताडपत्री, क्लोरीनच्या गोळ्या विहारात ठेवू. चूल एकच पेटेल आणि जो येईल तो, कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा, त्याच पंगतीत बसेल. उन्हाळ्यात हीच सोय उन्हासाठी. दुपारी बारा ते चार विहार उघडा ठेवायचा, माठ भरलेले ठेवायचे. कामावरून येणाऱ्या माणसाला सावली आणि मीठ-साखरेचं पाणी मिळालं तरी उष्माघात टळतो.

पाचवं काम नंतरचं. पाणी ओसरलं की साफसफाईच्या आधी फोटो. घरं, मेलेली जनावरं, भांडी. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदन झालंच पाहिजे, नाहीतर वारसाला मदत मिळताना अडचण होते. दुःखात हे सुचत नाही, म्हणून कार्यकर्त्यानं सोबत राहायचं. अर्ज दिला की पोच घ्यायची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्यात याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या प्राधिकरणावर आहे. आपण मागतो ते उपकार म्हणून मागत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पावसात वहीची परीक्षा झाली. बाहेरगावी असलेल्यांची तीन घरं पडली होती. तिन्ही घरांच्या मागं जाऊन फोटो काढले, पंचनाम्याच्या वेळी वहीतला माणूस उभा केला. दोन घरांची नोंद झाली. तिसऱ्याची घरपट्टीची पावती नव्हती, तिथं अडलं. म्हणजे आपण पास झालो, पण पहिल्या वर्गात नाही.

कोणी म्हणेल, दादा, विहारात हे कशाला? वंदना घ्या, सूत्रपठण करा. त्यांना मी वैशालीची आठवण करून देतो. परंपरा सांगते, वैशालीत अवर्षण पडलं, दुष्काळ पडला, रोगराई आली. तेव्हा भगवंत राजगृहाहून तिथं गेले. रतनसुत्त आपण आज म्हणतो ते त्या प्रसंगाचं. ते म्हणत आनंद रात्रभर नगरीच्या तटाच्या आत फिरले. मी यात चमत्कार शोधत नाही. मला एवढंच दिसतं की संकटात भिक्खू घरोघरच्या दारापर्यंत चालत गेले.

आणि बाबासाहेबांचं बघा. २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९४३ ला बंगालमध्ये दामोदर नदीचा पूर आला, त्यानंतर काय झालं ते आपल्याला कमी ठाऊक आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यानं पुढं नेली, १९४८ ला त्याचं महामंडळ झालं. १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलं की जादा पाणी म्हणजे संकट असं समजून ते समुद्रात घालवू नये, ते साठवावं आणि लोकांच्या कामाला आणावं. ज्यांना तळ्याचं पाणी नाकारलं गेलं त्यांनी देशाच्या नद्यांचा विचार केला. आपण निदान आपल्या ओढ्याचा विचार करूया.

अध्यक्ष महोदय, वेळ झाली, आवरतो. समितीला माझी एक विनंती आहे. यंदाच्या मिरवणुकीच्या डीजेतून थोडी रक्कम बाजूला काढा. त्यात दोर, ताडपत्र्या, ट्रंक आणि भिंतीवरचे आकडे एवढं बसतं. हिशेब मी फलकावर लावीन. येत्या रविवारी वंदनेनंतर वही नवी करायला बसायचं आहे. प्रत्येक घरातून एकानं यावं, शक्यतो बाईमाणसानं यावं, कारण घरात कोण कुठं गेलंय हे त्यांना बरोबर माहीत असतं. येताना घरपट्टीची पावती घेऊन यावं.

त्या मुलीची शाळा मी परत आणू शकत नाही. पण पुढच्या कुलपापाशी मी मागच्या बाजूला जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला, एवढं सांगतो आणि थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!